सत्यशीलाबाईंच्या डोळ्यामागची सूज

बाभुळगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत सत्यशीलाबाई चौथीला शिकवायच्या. आवाज असा खणखणीत, की त्यांचे पाढे शेजारच्या वर्गालाही पाठ व्हायचे. अंगानं चांगल्याच भरलेल्या, वजन ब्याण्णव किलो. २००६च्या पावसाळ्यात एक दिवस त्या पडलेला खडू उचलून उभ्या राहिल्या आणि समोरचा फळाच गायब! पाच सेकंद मिट्ट काळोख, मग सगळं जागच्या जागी. आठवडाभर तेच. डोकं ठणकायचं, कानात नाडीबरोबर सूं सूं व्हायचं.

कापसानं त्या वर्षी साऱ्या तालुक्याचा जीव टांगणीला लावला होता. नवरा मारोती सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात होता, तिथलं कामही निम्म्यावर आलेलं. तो म्हणाला, "टेन्शननं होऊन राह्यलं हे."

"टेन्शन तर तुमाले बी हाये! मंग तुमाले कसं दिसते?" बाई उखडल्या, आणि सकाळीच त्यांनी यवतमाळची एसटी धरली.

डोळ्यांच्या डॉक्टर भैरवी मॅडमनी औषध टाकून आत पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या नसा मुळाशी सुजल्या होत्या. नागपूरला डोक्याची तपासणी झाली, पाठीत सुई घालून पाण्याचा दाब मोजला गेला. रिपोर्ट घेऊन बाई पुन्हा मॅडमसमोर बसल्या.

"गाठ नाही," मॅडम म्हणाल्या. "मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय, तो डोळ्याच्या नसेवर येतोय. वजन जास्त असलेल्या बायकांना हे जास्त होतं. गोळ्या देते, पण वजन उतरवावंच लागेल. नाहीतर कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येईलच असं नाही."

"म्हंजे वजन उतरवलं का डोळा वाचते?"

"वाचायची चांगली आशा आहे."

बाईंना एवढं पुरे झालं! शाळेत जायची ऑटो बंद, रोज चार किलोमीटर पायी. सोबतीला अंगणवाडीच्या मथुराबाई. पहिले पंधरा दिवस धाप लागायची, पुढे पुढे मथुराबाईच ओरडू लागल्या, "अवो बाई, जरा थांबा नं!" भजी बंद, चहातली साखर बंद. फळा नाहीसा होणं आधी थांबलं, मग डोकेदुखी गेली. आठ महिन्यांत तेरा किलो उतरले.

मग पुन्हा कडेच्या नजरेची तपासणी. यंत्राच्या पांढऱ्या गोलात डोकं टेकवायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, कडेला कुठंही दिवा चमकला की बटण दाबायचं. गोळ्या सुरू करताना पहिल्यांदा हीच तपासणी झाली, तेव्हा कडेचे दिवे दिसलेच नव्हते, बाई नुसत्या वाट बघत बसल्या होत्या. आता वर चमकला, टक्! डावीकडे, टक्! पार खाली कोपऱ्यात बारीकसा, तोही! बाईंना राहवेना. "मॅडम, दिसून राह्यला मले! हा बी दिसला!"

"बोलू नका, बटण दाबा," मॅडम हसत म्हणाल्या. नंतर त्यांनी डोळ्यात वाकून पाहिलं. सूज उतरली होती. गोळ्या हळूहळू कमी करू, वजन मात्र सांभाळा, असं त्यांनी बजावलं.

बाई धावतच समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरल्या आणि जिनिंगला फोन लावला. मारोतीनं हॅलो म्हणायच्या आत त्या ओरडल्या, "अवो, समदे दिवे दिसले!" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाईंनी त्यांनाही सांगून टाकलं.