एरर छापायचा नाही

"मॅडम, दोनच ओळी लिहून द्या. ऑपरेटरने लॉगर बंद केला होता, एवढंच. खाली सही करा. बाकीचं आम्ही बघतो."

वर्क्स मॅनेजर सबनीस साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते.

"मी मशीन पाहिलेलं नाही अजून," मी म्हटलं.

"पाहायचंय काय त्यात? फाइल रिकामी आहे. कॉम्प्युटरवाल्या राऊतने दाखवली मला."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पालघरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी आम्ही सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. बोईसरला एसटीने उतरून रिक्षा करायची, गेटवर नाव लिहायचं, आणि "इंजिनियर कुठाय?" या प्रश्नाला "मीच" असं उत्तर द्यायचं, हे ठरलेलं. हा कारखाना रंगासाठी लागणारी रसायनं बनवायचा. त्यांच्या रिॲक्टरचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद भांड्याचं, तापमान आणि ते थंड करणाऱ्या पाण्याचा दाब सतत नोंदवणारा लॉगर आमच्याच कंपनीने बसवला होता. लॉगर म्हणजे कॉम्प्युटरवर सतत चालणारा नोंदणीचा प्रोग्रॅम. तो आल्यावर ऑपरेटरांनी हाताने रीडिंग लिहायची पद्धत साहेबांनी बंद करून टाकली होती.

सेकंड शिफ्टला एक बॅच तापून वाया गेली. साहेबांनी त्या शिफ्टची फाइल मागवली, ती रिकामी. झालं. ऑपरेटर डुलकी काढत होता आणि पकडला जाऊ नये म्हणून त्याने लॉगर बंद केला, असा निकाल केबिनमध्ये बसल्याबसल्या लागला.

तो ऑपरेटर बाहेर बाकावर बसलेला होता. जयराम. मूळ मनोरच्या पलीकडचा, डोंगरातला. सरावलीला खोली घेऊन राहायचा. बरीच वर्षं टेंपररी काढून आता कुठे त्याचा कायम व्हायचा कागद हलला होता, आणि तेवढ्यात हातात ठपक्याचा मेमो पडला.

"बाय, तुमी त्या मशीनवाल्या ना?" त्याने मला थांबवलं. "मी लॉगरला हात पन नाय लावला. तो बंद कसा करतात ते पन मना म्हाईत नाय. मी पानी सोडला, पन लायनीला जोरच नव्हता. त्यात लिवलेला असंल ना सगला?"

त्यात काहीच लिहिलेलं नाही, हे मला त्याला सांगवेना. मी कॉम्प्युटर रूममध्ये गेले.

मशीन युनिक्सचं होतं आणि त्याला दोन डिस्क होत्या. लॉगर पहिल्या डिस्कवर लिहायचा. ती लहान होती, म्हणून शिफ्ट संपली की आमचा दुसरा एक प्रोग्रॅम त्या शिफ्टची फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायचा. आता हे हलवणं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. प्रत्येक डिस्कची फाइली मांडून ठेवायची आपली व्यवस्था असते, तिला फाइलसिस्टीम म्हणतात. एकाच फाइलसिस्टीममध्ये फाइल हलवायची तर सीमध्ये रिनेम नावाची एक आज्ञा पुरते. सामान जागचं हलत नाही, फक्त दारावरची पाटी बदलते. पण दुसऱ्या फाइलसिस्टीमवर जायचं असेल, तर रिनेम सरळ नकार देतं. तिथे खरोखरच बिऱ्हाड हलवावं लागतं. तिकडे नवी फाइल उघडायची, इकडून थोडं वाचायचं, तिकडे थोडं लिहायचं, असं शेवटपर्यंत करायचं आणि मग मूळ फाइल पुसायची.

मी दुसऱ्या डिस्कवरची यादी काढली. त्या शिफ्टची फाइल होती, साइज शून्य. तिच्या आधीच्या शिफ्टचीही शून्य. नंतरच्या शिफ्टचीही शून्य. खाली पाहत गेले तर शून्यांची रांगच लागली होती. म्हणजे जयराम घरी बसला होता तेव्हाही कोणीतरी 'लॉगर बंद' करतच होतं! डिस्कवर जागा किती उरलीय ते पाहिलं. काडीइतकी नव्हती.

कोडं सुटलं, पण अर्धंच. डिस्क भरली की लिहिणारी आज्ञा, राइट, तसं सांगते. किती बाइट लिहिले ते ती परत कळवते, आणि लिहिताच आलं नाही तर उणे एक देते. आमच्या प्रोग्रॅममध्ये ते तपासलेलं होतं. लिहिणं अपुरं पडलं तर प्रिंटरवर एरर छापायचा, मूळ फाइल न पुसता थांबायचं. ही तपासणी आमच्या ऑफिसात माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. मग मूळ फाइली गेल्या कुठे?

मी कोड उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तो अख्खा तुकडा कॉमेंट केलेला होता. कॉमेंट म्हणजे ओळी दिसतात, पण मशीन त्या वाचत नाही.

"राऊत, हे कोणी केलं?"

राऊत तिथला कॉम्प्युटर इन्चार्ज. माणूस वाईट नव्हता, पण साहेबांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. "मॅडम, मागे एकदा डिस्क भरली होती ना, तेव्हा प्रिंटरवर एरर, एरर छापून येत होतं. नेमके त्याच दिवशी गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर आलेले. साहेब म्हणाले, हा शब्द पुन्हा कागदावर दिसता कामा नये."

"म्हणून?"

"मी जुन्या फाइली काढून जागा केली. आणि तो छापायचा भाग बंद केला."

"छापायचा भाग बंद केलात, आणि त्याच्याच खालची थांबायची ओळ? तीही त्याच कंसात होती. म्हणजे आता लिहिलं गेलं नाही तरी तो पुढे जातो आणि मूळ फाइल पुसतो. काही न बोलता!"

 मला राऊतचा राग आला, पण साहेबांचा त्याहून जास्त आला. एरर दिसू नये म्हणजे एरर झालाच नाही, असं मानणारी ही जात मला फार भेटली आहे. स्वतःच दिव्याची वात काढायची आणि अंधार पडला म्हणून वॉचमनला धरायचं.

मी राऊतला साहेबांना बोलवायला पाठवलं. तो जाऊन येईस्तोवर एक काम उरकून घेतलं. सबनीस साहेबांचा हेड ऑफिसला जाणारा मासिक रिपोर्ट पहिल्या डिस्कवर होता. त्याची कॉपी माझ्या फ्लॉपीवर घेतली, ती नीट उघडतेय ना पाहिलं, आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

साहेब आले. मी सगळं समजावलं. त्यांनी हात उडवला. "थिअरी नको मॅडम. आम्ही प्रॅक्टिकल माणसं."

"मग प्रॅक्टिकल करू. हा तुमचा रिपोर्ट. याच प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर हलवू?"

राऊतचा चेहरा पडला. साहेब म्हणाले, "हलवा. काही होत नाही."

मी हलवला. कुठे काही वाजलं नाही, छापलं नाही. मी दुसऱ्या डिस्कवरची यादी काढली. रिपोर्टचं नाव होतं. साइज शून्य.

"आणि पहिल्या डिस्कवरचा?" साहेबांनी विचारलं.

"पुसला गेला. आता सांगा साहेब, लॉगर तुम्ही बंद केलात का?"

साहेब मटकन खुर्चीत बसले.  मग त्यांनी जयरामला आत बोलावलं. "उद्यापासून कामावर ये. मशीनचा प्रॉब्लेम होता. झालं ते झालं."

जयराम जागचा हलला नाही. त्याने खिशातून घडी केलेला मेमो काढला. "नि ह्या कागदाचा काय, सायब?"

"तो राहू दे रेकॉर्डला. दिलेला मेमो काढता येत नाही. प्रोसीजर असते."

मेमो रेकॉर्डला असलेल्या माणसाला तिथे कायम करत नसत. हे साहेबांना माहीत होतं, राऊतला माहीत होतं, आणि जयरामला तर सगळ्यात जास्त. त्याने कागदाची घडी पुन्हा घातली आणि मान खाली घातली. त्याचं ते मान खाली घालणं मला सहन झालं नाही.

"सगळ्या शिफ्टची रीडिंगं बिनबोभाट पुसली गेली, तेव्हा कुठे होती प्रोसीजर?" माझा आवाज चढला होता. "याची साक्ष होती त्यात. तुमच्या हुकमाने गेली ती. आणि हा एक कागद तुम्हाला काढता येत नाही?"

"मॅडम, तुम्ही व्हेंडर आहात. मर्यादेत राहा."

"राहते. तुमच्या रिपोर्टची कॉपी माझ्या फ्लॉपीवर आहे. मेमो मागे घेतल्याचं पत्र टाइप करून सहीनिशी जयरामच्या हातात द्या. मग मी फ्लॉपी लावते."

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. बसवायचंही नव्हतं. राऊत स्वतः उठून टाइपरायटरकडे गेला.

साहेबांच्या सहीचं पत्र आलं. जयरामने ते मला वाचून दाखवायला सांगितलं, मग परत एकदा सांगितलं. दोन्ही वेळा तो उभ्यानेच ऐकत होता. मी फ्लॉपी लावली, साहेबांचा रिपोर्ट जागेवर ठेवला, दुसरी डिस्क मोकळी केली, आणि कोडमधला तो तुकडा पुन्हा चालू केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या बॉसला फोन केला. बॉसने मला झाडलं आणि तो कारखाना दुसऱ्या प्रोग्रॅमरकडे दिला. जयराम पुढे कायम झाला, हे मला राऊतकडून कळलं. पाण्याच्या लायनीला खरंच जोर नव्हता का, हे मात्र कधीच कळलं नाही. ते सांगणारे आकडे आम्ही परत आणू शकलो नाही, आणि पंप उघडून बघावा असं कोणाला वाटलं नाही.

धडा म्हणाल तर साधा आहे. राइटने किती लिहिलं ते तपासा, फाइल बंद करताना क्लोज काय म्हणतं तेही बघा, मूळ फाइल सगळ्यात शेवटी पुसा. आणि एरर छापू नका असं कोणी साहेब म्हणाले, तर ते त्यांच्याकडून लेखी मागा. मी नोकरीभर मागत आले. एकानेही लिहून दिलं नाही.