दाजींचे दहा टक्के

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, सगळं गाव ‘एटीएम’ म्हणतं. दाजींना तो मान वाटतो. मला विचाराल तर खरं एटीएम बरं, पैसे संपले की निदान गप्प बसतं.

आमच्या गावापुढे नुसता डोंगर. वर बँक नाही, मोबाइल लागत नाही, मुक्कामाला आणि जेवणाला रोखच मोजावी लागते. गावात मशीन एकच, त्यात पैसे भरतात मंगळवारी. त्या दिवशी दाजी सकाळी सातलाच दारात हजर. खिशात स्वतःचं कार्ड, बहिणीचं, आमच्या वडिलांचं, माझं आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्यांचंसुद्धा. भरणारे गेले की तासाभरात मशीन साफ. मग एखादा प्रवासी तिथे कपाळाला हात लावून उभा दिसला, की दाजी समोरच्या आपल्या दुकानातून गोड हाक मारणार, “या, बसा, पाणी घ्या.” त्यानं मोबाइलवरून दहा हजार पाठवायचे आणि हातात नऊ घ्यायचे. या धंद्यात मीही सोबत असायचो, चहावर राबायचो. लाज मलाही नव्हतीच.

एका बुधवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या, एकट्याच वर निघालेल्या. गल्ल्यातले शेवटचे नऊ हजार दाजींनी त्यांना दिले आणि हात झटकले. दुपारी रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली, गावातले सगळे मोबाइल बंद पडले. आणि तासाभरात बहीण पोट धरून खाली बसली.

“अपेंडिक्स आहे,” डॉक्टर म्हणाले. “तीन तासांत शहरात पोचवा, नाहीतर फुटेल.”

जीप होती, पण टाकी रिकामी. पंपवाल्याला रोख हवी. दाजींच्या खात्यात दीड लाख आणि गल्ल्यात चिल्लर. बाजारभर पळाले बिचारे. बिचारे कसले म्हणा. ज्याच्या त्याच्या गरजेला यांनी कात्री लावलेली, आता कोण दार उघडणार? लोकांनी रिकामे खिसे दाखवले.

शिक्षिका जीपच्या थांब्यावरच बसल्या होत्या. त्यांनी सकाळच्या नऊ हजारांचं पाकीट न मोजता दाजींच्या हातात ठेवलं.

“आधी यांना न्या. माझं काय, मी परत जाईन.”

“लाइन आली की लगेच पाठवतो,” दाजी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन वेळेत झालं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, खाटेशेजारी संत्रं सोलता सोलता दाजींनी बहिणीला सांगितलं, “अगं, बाईंचे पाठवले हं. आठ हजार शंभर.”

“नऊ होते ना?”

“नऊशे आपले नेहमीचे. व्यवहार तो व्यवहार. शहरातली माणसं, त्यांना काय फरक पडतो?”

बहीण माझ्याकडे वळून सावकाश म्हणाली, “ह्यांना घरी पाठव. मला न्यायला तू ये. आणि आपल्या घरी ने, आईकडे.”

दाजींच्या हातात संत्र्याची फोड तशीच. मला हळूच विचारतात, “आता हिचं कुठे दुखतंय?”