बहात्तर सालचा पूल

नेमसिंग आडे यांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "पिशवी उघडून दाखवा," म्हणाले. पिशवीत मोजपट्टी, वही, पाण्याची बाटली आणि दोन केळी होती. मोजपट्टी बाहेर आली तसे ते दोन पावलं मागे सरले.

"हे कायले पायजे?"

"पूल मोजायला."

"मोजून काय करता? तो काय पयून चालला?"

मी दारव्ह्याला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. जिल्ह्यातल्या जुन्या दगडी पुलांची यादी करायचं खूळ मी आपण होऊन डोक्यात घेतलं आहे, त्याचा पगार मला कोणी देत नाही. हे मी आजवर शंभर लोकांना सांगितलं असेल. नेमसिंगभाऊंना ते अजिबात पटलं नाही. फुकटात उन्हात हिंडणारी बाई एकतर वेडी असणार नाहीतर लबाड, आणि वेडी तर मी दिसत नव्हते. मी पूल मोजेपर्यंत ते कठड्यावर बसून राहिले आणि जाताना माझ्या स्कूटीच्या नंबरचा फोटो काढून घेतला.

पूल त्यांच्या तांड्याच्या खालच्या अंगाला, त्यांच्या कपाशीच्या बांधाला, इथल्या भाषेत धुऱ्याला, लागून आहे. काळ्या घडीव दगडाच्या तीन कमानी, चुन्याचे सांधे, पाणी कापायला खांबांना पुढून काढलेलं टोक. रुंदी इतकी कमी की बैलगाडी जेमतेम जाईल. म्हणजे तो गाड्यांसाठी बांधलाच नव्हता, पाठीवर गोणी लादलेल्या बैलांसाठी बांधला होता. बंजाऱ्यांची लदेणी अशाच वाटांनी मीठ आणि धान्य घेऊन फिरायची. चारशे वर्षांच्या अलीकडचा तो नसावा असं माझं मत झालं. आणि मधल्या कमानीच्या डोक्यावर पाहते तर सिमेंटचा जाड थर, त्यावर खिळ्यानं कोरलेलं: 'सन १९७२ दुष्काळी काम.'

मला हसूच आलं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, बंधारे घातले, रस्त्यावर माती टाकली. चुन्यात कमानी कोण बसवत होतं?

"माह्या बापानं गोटे वाह्यले इथं," नेमसिंगभाऊ म्हणाले. "तुमी पुस्तकातलं सांगता, मी डोयानं पाह्यलेलं सांगतो."

खोटं बोलताना माणूस थोडा तरी अडखळतो. हे अडखळले नाहीत, आणि तेच मला खटकलं.

त्यानंतर मी चारदा गेले. प्रत्येक वेळी हा माणूस हजर. अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल फेटा, वय पासष्टच्या आसपास आणि नजर सतत समोरच्याच्या हातांवर. वीजमीटरचा आकडा घ्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र ते दर महिन्याला बघतात, माणूस अकरा वर्षं तोच आहे. त्यांच्या पत्नी हंसाबाई मला चहा देताना म्हणाल्या, "माह्यासंगं लगन लागतानाबी यायनं तीनदा इचारलं, पोरगी हेच का म्हनून." नेमसिंगभाऊ हसले नाहीत. "इचारलेलं बरं असते," एवढंच म्हणाले.

सांगायला लाज वाटते, पण संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. बहात्तरच्या कामांचे जुने कागद मी शोधून काढले, त्यात या पुलाचं नाव नव्हतं. सिमेंटही फार जुनं दिसत नव्हतं. मग हा माणूस त्या थराखाली काय दडवतो आहे? आमच्या भागात गुप्तधनाच्या नादानं जुनी देवळं, बारवा खणणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. हा पूल आतून कोरून खाणारा हाच असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग रस्त्याचं काम आलं. तांड्यावरून हमरस्त्याकडे जाणारी वाट रुंद होणार होती, नाल्यावर लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकल्या गेल्या. नियम सरळ होता. पूल प्राचीन ठरला तर नवा पूल वरच्या अंगाला सरकवायचा आणि जुना तसाच ठेवायचा. नाही ठरला तर तोडून त्याच जागी काँक्रीटचा बांधायचा. आणि पुलाच्या कपाळावर तर बहात्तर लिहिलेलं.

तिसऱ्या दिवशी नेमसिंगभाऊ कॉलेजात आले. आत येऊन त्यांनी दार लोटलं, दारामागे पाहिलं, माझा मोबाइल बंद करायला लावला आणि मग खुर्चीच्या टोकावर बसले.

"बहात्तर मी लिवलं," म्हणाले.

चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना पुलाच्या खांबाशी कमरेइतका खड्डा दिसला. लिंबू, कुंकू, आणि खांबाचे दोन दगड उपसून बाजूला टाकलेले. त्या पावसाळ्यात कमानीला चीर गेली. खणणारे आले होते ते एका शिल्पासाठी. मधल्या कमानीवर एक बैल कोरलेला होता, पाठीवर दोन गोणी लादलेला. त्याचं तोंड जिकडे, तिकडे लमाणांनी सोनं पुरलं आहे अशी कोणीतरी हूल उठवली होती.

"सोनं!" नेमसिंगभाऊंचा आवाज चढला. "आमच्या आजा-पणज्यापाशी मीठ होतं, मॅडम. मीठ अन् दाने. सोनं असतं तं बैलामागं पायी कायले फिरले असते?"

मग त्यांनी घरकुलाचं उरलेलं सिमेंट कालवलं, बैलावर थापलं आणि वर बहात्तर कोरलं. दुष्काळी कामाच्या पुलाखाली धन शोधायला कोण येतं? हूल विझली. चौदा वर्षांत एक कुदळ पडली नाही.

"लबाडी केली, पन पूल राह्यला. आता त्याच लबाडीनं जाऊन राह्यला."

"बैलाचा एखादा फोटो?"

"फोटो काढू देला असता तं त्यानं कोनाले दाखवला असता, काय भरोसा?"

मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी म्हटलं, एका बैलासाठी इतकं? ते टेबलाकडे बघत म्हणाले, "आमचं कुठंच लिवून नाई. सातबारा माह्या बापापासून. त्याच्या आंधी आमी इकडून गेलतो, हे सांगाले तो बैलच हाय फक्त."

पाहणीच्या दिवशी रस्त्याच्या कामावरचे इंजिनियर आले, रजत नावाचे, बोलायला सभ्य. नेमसिंगभाऊंनी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं आणि शिडी लावून छन्नी-हातोडा घेतला. सिमेंट दगडाला घट्ट धरून बसलं होतं. तासभर ते खपलीखपलीनं काढत राहिले. हाताला रक्त आलं तरी दुसऱ्या कुणाला छन्नी देईनात. शेवटी बैल दिसला. शिंगं, वशिंड, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणी. आणि छन्नीच्या घावांनी त्याच्या अंगावर आणि भोवताली दगड पांढरा पडलेला.

रजत शिडीवर चढले, खाली आले. "काका, हे घाव तर आजचे आहेत."

"सिमिट काढतानीचे हायेत ना, सायेब. तुमच्या समोरच तं काढलं."

"सिमेंट माझ्यासमोर काढलं. पण खालचा बैल कधी कोरला? थापायच्या आधी चार दिवस कोरला असेल तर? बहात्तर खोटं होतं म्हणता, तेही तुमच्याच हातचं. मग हे खरं, हे मी कुणाच्या शब्दावर लिहू?"

मी पुढे झाले. कमानी, चुना, खांबांची टोकं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फायलीतून एक कागद काढला. ती माझीच यादी होती, गेल्या वर्षी मी स्वतः हौसेनं कार्यालयात नेऊन दिलेली. या पुलापुढे माझ्याच अक्षरात होतं: 'काळ अनिश्चित. स्थानिक माहिती देणारा इसम अविश्वसनीय.'

रजतनी पंचनाम्यात 'पुरावा संशयास्पद' असं लिहिलं आणि सही केली. पुलाचा निकाल तिथेच लागला. ते त्यांचं काम चोख करत होते, त्यांच्यावर रागावताही येईना.

गाडी गेली. नेमसिंगभाऊ शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते, तळहाताचं रक्त धोतराला पुसत.

"मॅडम, तुमी तं मानता ना, तो बैल जुना हाय म्हनून?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याआधी माझी नजर वर गेली. बैलाच्या पायांशी, गोणीच्या कडेशी, जिथे कोरीव रेघ संपते आणि छन्नीचा घाव सुरू होतो तिथे. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे मी निरखून बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. मग मी म्हणाले, "हो, मानते."

त्यांनी माझ्या नजरेमागे नजर नेली होती. ते उठले, छन्नी पिशवीत टाकली.

"बराबर हाय," म्हणाले. "मीबी आंधी पाह्यलंच असतं."