निलेशचा पितळी डॉक

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी फुकट जमतात, स्क्रू आणि किस्से. कुठला स्क्रू कुठल्या फोनचा, ते संध्याकाळपर्यंत आपण विसरून जातो. किस्से मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात, आणि गिऱ्हाईक चार्जरवरून घासाघीस करत असतं तेव्हा नेमके वर येतात. आता जे सांगतो ते सगळे एकाच वस्तूचे आहेत. मित्र म्हणतात, "सांग ना बे त्या डॉकचे किस्से, मजा येते!"

मजा! बरं, ऐका.

माझं दुकान अड्याळच्या बाजारात. मंगेशचा भंडाऱ्यात पितळी भांड्यांचा कारखाना, वडिलांच्या वेळेपासूनचा. तिसरा निलेश. तिघंही एका वर्गातले. निलेश पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. तिथे त्याला स्नायूंचा आजार निघाला. आधी जिने चढवेनात, मग उभंच राहवेना. नोकरी सोडून तो अड्याळला आईकडे आला. वडील आधीच वारलेले, घरात ही दोघंच. येताना त्याने एक यंत्र आणलं. हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पायांनंतर हात जाणार. कधी, तेवढं कोणालाच माहीत नव्हतं.

*

एक दिवस झोपून खेळता खेळता ते यंत्र त्याच्या हातातून निसटलं आणि थेट तोंडावर पडलं. ओठ फुटला. काकूंनी, म्हणजे निलेशच्या आईने, यंत्राला आणि पुण्याला मिळून शिव्या घातल्या. निलेशने आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"इंजिनिअर," तो मला म्हणाला. मी आयटीआय केलंय, म्हणून हा टोमणा. "मले एक डॉक बनवून दे."

डॉक म्हणजे एक स्टँड. यंत्र त्यात ठेवलं की चार्ज होतं, चित्र टीव्हीवर येतं, आणि आपण हलका रिमोट मांडीवर घेऊन खेळायचं. बाजारात तयार मिळतात. पण त्यात बारीक पिन नेमकी दाबून बसवावी लागते, आणि निलेशच्या बोटांत तेवढा जोर उरला नव्हता.

"पिन घालाले आईले हाक मारा लागते. भात उतरला का मंग ते येते. मी कधी खेळाचं हे त्या भातावर ठरते बे! मले असा डॉक पाह्यजे का यंत्र नुसतं सोडलं का बसलं. माह्या हातानं. कोनाले बोलवायचं काम नाही."

मंगेशने विचारलं, "कधीपर्यंत पाह्यजे?"

"हात हाय तोवर."

हसला तो एकटाच.

*

पहिला डॉक मी प्लास्टिकचा केला. डिझाइन माझं, थ्रीडी प्रिंट नागपूरची. उतरती खाच ठेवली होती, यंत्र सोडलं की आपल्याच वजनाने घसरत पिनवर जाऊन बसावं. आणि बसलं की! निलेशने स्वतःच्या हाताने ठेवलं, टीव्हीवर चित्र आलं, आणि मी तिथेच नाचलो. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मला खरोखरच इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

पण महिना मे होता. घरावर टिनाचं छप्पर. काकूंनी झाडताना डॉक उचलून खिडकीत ठेवला आणि तिथेच विसरल्या. दुपारी निलेशचा फोन आला.

"अबे इंजिनिअर, तुहा डॉक झोपला!"

जाऊन बघतो तर वरणात पडलेल्या पापडासारखा वाकला होता. माझं तोंड उतरलेलं बघून निलेश म्हणाला, "जाऊ दे ना बे. घरात लोळनारा मी एकटाच होतो. आता जोडी झाली."

*

मग मंगेश पेटला. "पितळेचा करतो. वाकत नाही, सरकत नाही, उन्हाले भेत नाही."

मला पटलं. निलेशचा हात ठेवताना थरथरायचा, हलका डॉक ढकलला जायचा. पितळेचा जागचा हलणार नव्हता. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मंगेशच्या घराण्याने आजवर फक्त गुंड, म्हणजे पाणी भरायचे पितळी हंडे, घडवले होते. त्याने डॉक आणला तो चक्क पोटाला गोल, आणि वरून सुरेख वळवलेला काठ! त्या काठावर यंत्र अडकायचं, पिनपर्यंत पोचायचंच नाही.

"काठ काहून दिला बे, भैताडा?" मी ओरडलो.

"काठाबिगर माल आमच्या कारखान्यातून बाहेर पडत नाही. हात कापते ना."

"त्यात पानी भरायचं हाय का आपल्याले?"

दिवसभर बसून काठ कानशीने घासला. मंगेश फुगून बसला होता, जणू मी त्याच्या पोराचं नाक कापत होतो. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, त्याने पुढच्या बाजूला नावही कोरलं होतं, आपल्याकडे लग्नातल्या आंदणाच्या भांड्यावर कोरतात तसं. 'चि. निलेश यास मंगेशकडून सप्रेम भेट.'

निलेशने त्या अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं. म्हणाला, "अक्षर मस्त हाय. 'चि.' खोडून 'कै.' कराले जागा पुरते ना बे?"

मंगेश उठला आणि बाहेर जाऊन गाडीवर बसला. मी हाका मारल्या, पण त्या दिवशी तो परत आत आला नाही.

*

पावसाळ्यात निलेशचा हात आणखी उतरला. यंत्र खाचेत सरळ धरता येईना, तिरपं पडायचं. मी म्हटलं चुंबक लावू, यंत्र आपोआप ओढलं जाईल. लावले. खट्‌ आवाज करून यंत्र जागेवर! निलेश खूश, काकू खूश, मंगेशने पेढे आणले.

पेढा अजून तोंडात होता तोवर टीव्हीवर गंमत सुरू झाली. निलेशचा आवडता गेम म्हणजे एक भटक्या गडी, पाठीवर झोळी, जंगलातून फिरत राहतो. तो गडी कोणी काही न दाबताच डावीकडे निघाला आणि तलावात जाऊन बुडाला. पुन्हा जिवंत झाला, पुन्हा डावीकडे, पुन्हा तलावात. यंत्रावर गड्याला चालवायची एक छोटी दांडी असते, माझं चुंबक तिलाच ओढत होतं! डॉकमधून यंत्र उपसायला मी आणि मंगेश दोघं लागलो, आणि तेवढ्या वेळात तो बिचारा बुडतच राहिला.

निलेश ठसका लागेपर्यंत हसला. "माहे पाय चालत नाही, आन याचे थांबत नाही. दोघाचा मिळून एक चांगला मानूस झाला असता राजेहो!"

*

चुंबकाची जागा बदलली, सगळं जमलं. निलेश रोज स्वतः यंत्र ठेवायचा, स्वतः खेळायचा. मला आणि मंगेशला वाटलं, जिंकलो.

मग दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडे घरोघरी पाहुणे, रात्रभर दंडारीचं नाचगाणं, सगळा गाव जागा. पाहुणे यायच्या आधी घरातलं पितळ चकचकीत नको का? काकूंनी गुंड काढले, परात काढली, समई काढली, आणि ओळीने डॉकही काढला. चिंच, मीठ, नारळाची शेंडी. असा घासला की त्यात माझं तोंड दिसत होतं!

तोंड दिसत होतं, बाकी काही नाही. आतल्या सर्किटमध्ये चिंचेचं पाणी मुरलेलं. उघडलं तर सगळं हिरवं.

"काळा पडला होता रे," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं काय झालं ते. पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. "माह्याच हातानं केलं मी हे!"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

निलेश म्हणाला, "आई, रडू नको. मले बी एकदा चिंच लावून घासून पाह्य. फरक पडला तर पडला."

काकूंनी त्याच्या खांद्यावर चापट मारली आणि रडता रडता हसल्या. नागपूरहून नवीन सर्किट यायला वेळ लागला. तेवढ्या काळात निलेशचा उजवा हात गेला.

*

नवीन सर्किट खालून पक्कं बंद करून आम्ही डॉक परत आणला. निलेशने डाव्या हाताने यंत्र उचलायचा प्रयत्न केला. ते मांडीवरून जेमतेम सरकलं आणि परत मांडीत पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. मंगेश म्हणाला, "उंची कमी करतो ना मी, अजून कमी करतो." मी पट्टी काढली.

"उंची राहू दे," निलेश म्हणाला. "माप बदला."

"कोनाचं घेऊ?" मी विचारलं.

"आईचं."

त्याने काकूंना चुलीजवळून बोलावलं. त्या पीठ भरल्या हाताने आल्या. शेतात धानाची रोवणी करून करून त्यांची बोटं वाकडी झालेली, ती नीट मिटत नाहीत. निलेशने मला सगळं समजावून सांगितलं. खाच रुंद कर. चष्मा नसला तरी ठेवता आलं पाहिजे. काही दाबायचं नाही, काही वाचायचं नाही. ठेवलं की गेम जिथं सोडला होता तिथूनच सुरू व्हावा.

मी म्हटलं, "पन तूच म्हनत होता ना, आईले बोलवायचं काम नाही पडलं पाह्यजे?"

"तू बनव ना बे," तो म्हणाला.

बनवला. काकूंकडून यंत्र ठेवून-काढून बघितलं, त्यांना जमलं. निलेश त्यांना पुन्हा पुन्हा ठेवायला लावत होता आणि त्या वैतागत होत्या, "भात करपून राहिला ना माहा!"

*

निलेश थंडीत गेला.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मंगेश भंडाऱ्याहून आला आणि आम्ही दोघं दुपारी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. समोर टीव्ही चालू होता. यंत्र डॉकमध्ये बसवलेलं, रिमोट वर फळीवर. स्क्रीनवर तो झोळीवाला गडी एका झाडाखाली नुसता उभा होता.

मंगेशने विचारलं, "काकू, खेळून कोन राहिलं?"

"कोनी नाही. मले कुठं येते?"

"मंग बंद करू का? कायले लाईट जाळता?" असं म्हणत तो उठला आणि त्याने यंत्राला हात घातला.

"नको!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की सुपातले तांदूळ सांडले.

मंगेश तसाच थांबला. टीव्हीवर त्या गड्याचे खांदे हळूच वर होत होते, हळूच खाली येत होते.

"राहू दे बापा," काकू म्हणाल्या. "श्वास घेऊन राहिला ना थो."

आणि त्या सांडलेले तांदूळ गोळा करायला लागल्या.