माडीच्या दुकानातला कोयता

रत्नागिरीतल्या जुन्या गुत्त्यांची सहल ऑफिसच्या मित्रांनीच ठरवली. मी मूळचा इथलाच, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझे वडील माडी काढायचे, हे तर मुळीच नाही. शेवटी गाईडने आम्हाला माडीच्या दुकानात नेलं. भिंतीवर वडिलांचा कोयता टांगलेला होता, मुठीला त्यांनीच गुंडाळलेली सुतळी अजून तशीच.

म्हाताऱ्या दुकानदाराने मला निरखलं. "तुम्ही इथलेच ना?"

"छे! मी मुंबईचा." जीभ कशी झडली नाही माझी!

त्याने माडीचा ग्लास पुढे केला. मी तो सवयीने डाव्या हातात घेतला.

"हा कोयता कुणाचा?" गाईडने विचारलं.

"होता एक. डावखुराच," माझ्या हाताकडे पाहत म्हातारा म्हणाला. "मुंबईतल्या मुलाचं कौतुक ज्याला त्याला सांगायचा."