मालोजी आबांची भिरभिरी

मालोजी आबा मला कधी आवडला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलंय. कोंडाणे गावात माझं किराणा दुकान त्याच्या ओट्यासमोर आहे, त्यामुळे त्याचं तोंड रोज बघावं लागतं. खोपोलीच्या कारखान्यात फिटर होता. तिथे हाताखालच्यांवर खेकसायची सवय लागली ती लागलीच. नोकरी संपून किती वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

एक मात्र कबूल करते. माणसांशी न जमणाऱ्या या माणसाशी पोरांचं जमायचं. रविवारी सकाळी त्याचा ओटा पोरांनी भरायचा. घराघरांतून गोडेतेलाच्या, फिनाइलच्या, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या यायच्या आणि आबा त्यांची भिरभिरी करायला शिकवायचा. बाटलीचं बूड कापायचं, गळ्यापर्यंत उभ्या चिरा देऊन पाती करायची, ती फुलासारखी पसरायची आणि सगळी एकाच अंगाला पिळायची. झाकणातून तार घालून काठीला बांधायचं आणि पात्यांना लागेल असा पत्र्याचा तुकडा अडकवला की झालं. वारा आला की पाती त्या पत्र्यावर खडखडतात आणि भातावर आलेले पोपट उडतात.

"हे काय पिळलंस, जिलबी काय रं?" म्हणून तो एकेकाचं काम फेकून द्यायचा. पोरं हसत पुन्हा करायची. आबा सांगेल ते खरं, असं त्यांना वाटायचं. तयार झालेली भिरभिरी तो स्वतःच्या बांधावर लावायचा. फुकटची मजुरी, दुसरं काय!

त्याच्या खाचरातून उठलेले पोपट जायचे कुठे? शेजारच्या खाचरात, म्हणजे येसाजीकडे. येसाजी त्याचा सख्खा चुलतभाऊ. बांध कोरण्यावरून दोघांचं बोलणं बंद. येसाजीचे गुडघे गेलेले, मुलगा प्रवीण पहाटेच कामाला पनवेल गाठतो. भात दुधावर आलेलं आणि हाकायला घरात कुणी नाही. उरली प्रवीणची रिया, चौथीतली.

एका रविवारी ती पिशवीभर बाटल्या घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. "आबा, मला पन शिकवा ना. आमचं भात पोपट खातात."

मला वाटलं, हाकलून देतो आता. पण तो म्हणाला, "बस गं." मी दुकानातून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पोरीला त्याने सगळ्यांपेक्षा जवळ बसवलं. एकदाही ओरडला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रियाने बाटल्या संपेपर्यंत काम केलं आणि संध्याकाळी सगळी भिरभिरी एकटीने बांधावर लावली. वारा चांगला सुटलेला. आबाच्या बांधावर खडखडाट, आणि येसाजीच्या बांधावर एकही भिरभिरं हलेना. आठवडाभर ती शाळा सुटली की थाळी बडवत खाचरात उभी असायची. पण पोपट सकाळीच येऊन जायचे. निम्म्या लोंब्या पोकळ झाल्या.

पुढच्या रविवारी ती सगळी भिरभिरी उपटून ओट्यावर घेऊन आली. रडत नव्हती. खाली ठेवून म्हणाली, "आबा, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. मी परत करते."

आबाने भिरभिऱ्यांकडे बघितलंही नाही. "चुकलं काय? तुझा हातच जड हाय. तुझ्या घरात कुनालाच नाय जमायचं."

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. तेवढ्यात स्वराज, त्या घोळक्यातला सगळ्यांत बडबड्या, उठून उभा राहिला. "आबा, तुमीच तिला एक पातं हिकडं नि एक तिकडं पिळायला सांगितलंत. मी बोलाय लागलो तर तुमी डोळं वटारलंत. असं केल्यावर ते फिरल कसं?"

मी दुकान टाकून बाहेर आले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. भावाशी वैर आहे ना, मग भावाशी भांड की! वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि तेही चौथीतल्या पोरीवर? मी हे सगळं मोठ्याने बोलले. आबा माझ्याकडे न बघता कात्रीचा स्क्रू आवळत बसला.

रिया माझ्यासारखी ओरडली नाही. तिने एक भिरभिरं उचललं आणि स्वराजला विचारलं, "कुठल्या अंगाला पिळू?" त्याने दाखवलं. बाकीची पोरं सरकून तिच्याभोवती बसली आणि एकेक बाटली घेऊन उलटी पाती सुलटी करू लागली. मग त्यांतल्या सगळ्यांत धाकट्या साईराजने आबापुढे ठेवलेलं आपलं स्वतःचं भिरभिरं परत घेतलं आणि स्वराजपुढे धरलं.

"दादा, बघ ना," तो म्हणाला. "आबांनी मला तरी बरोबर शिकवलंय का?"