सदरच्या माडीवरचे चेहरे

समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढायचा म्हणजे दोघंही एकाच वेळी घाबरलेले असतात. काढणाऱ्याला वाटतं, जमेल का. बसणाऱ्याला वाटतं, मी खरंच असा दिसतो का. अशी दोन माणसं तासभर एकमेकांकडे बघत बसली की काहीतरी घडतंच. आम्ही तर दहा-बारा वर्षं दर रविवारी बसलो. चित्रं बरीचशी रद्दीत गेली, किस्से तेवढे उरले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सदरला एका फ्रेमवाल्याच्या दुकानावर माडी होती, तिथे आम्ही चौघं जमायचो. देवतळे सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, ते आमचे म्होरके. मेश्राम रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. शालिनीताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, शिवाय बॅडमिंटनमध्ये तरबेज. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, आणि पोस्टानं बुद्धिबळ खेळायचं वेड. सर म्हणायचे, "चित्रकलेले सवती चालतात गा. फक्त रविवारी आठ ते अकरा त्यांनी घरी राहायचं."

सवती कधी घरी राहतात होय?

माझ्या पहिल्याच रविवारी एक रिटायर्ड हवालदार बसायला आले होते. भरघोस मिशा, छाती पुढे, पाठ ताठ. सर म्हणाले, "हवालदारसाहेब, बिलकुल हलू नका."

असं मॉडेल मी पुन्हा पाहिलं नाही. पापणीसुद्धा हलेना. माझी मात्र पेन्सिल घामानं सटकत होती. मी मिशीपर्यंत कसाबसा पोचलो, तर हवालदार खुर्चीवरून सरळ पुढे कोसळले. मेश्रामनं झेललं म्हणून नाक वाचलं. तोंडावर पाणी मारलं, पंखा जवळ आणला. मला वाटलं, पहिल्याच दिवशी आमच्या हातून माणूस गेला की काय!

ते डोळे उघडून बसले तेव्हा कळलं. गडी जमेल तितका श्वास रोखून बसला होता.

सर कळवळून म्हणाले, "अहो, श्वास घेऊ नका असं कुठं म्हणलो मी?"

हवालदार म्हणाले, "हुकुमात तसा खुलासा नव्हता, साहेब."

'हलू नका' या दोन शब्दांनी आमची जेवढी फजिती केली तेवढी कोणी केली नसेल. मेश्राम एकदा खाप्याला बँडबरोबर लग्नाला गेला होता. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला, तेवढ्यात बँडला थोडी सुट्टी मिळाली. मांडवाच्या दारात नवरीचे आजोबा खुर्ची टाकून बसले होते. चेहरा असा सुरकुतलेला की मेश्रामला राहवेना. लग्नपत्रिकेची मागची बाजू घेतली, क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, पाच मिनिटं हलू नका."

पाचाची पंचवीस झाली. नवरदेव परत आला. त्याला सामोरं जायचा मान आजोबांचा, पण आजोबा खुर्चीतून उठेनात. इकडे क्लॅरिनेटशिवाय बँड सुरू होईना. वऱ्हाडी एकमेकांच्या कानाला लागले. म्हातारा रुसला. कोणी म्हणे आहेर कमी पडला, कोणी म्हणे मानपान चुकला. शेवटी नवरदेवाचे वडीलच हात जोडून पुढे आले. चेहरा पांढराफटक.

"बाबाजी, तुमच्या कानावर आलंच तर. चूक झाली आमची. पोरगं मॅट्रिक पास नाही. गणितात राहिलं हाय. आमी सांगनारच होतो."

आजोबांनी ओठ न हलवता उत्तर दिलं, "मंग बोलू. आता नाक चालू हाय."

मेश्राम सांगायचा, त्या क्षणी त्याला वाटलं, हे लग्न मोडलं तर माझ्या पेन्सिलीनं मोडलं. पण थांबलो तर म्हातारा उठेल आणि उठला तर काय बोलेल कोणास ठाऊक, म्हणून तो नाकच घोटत बसला. तेवढ्यात आतून नवरीचा निरोप आला, "गणित मी शिकवीन." लग्न लागलं. बँडमास्तरनं मात्र मेश्रामला तो सीझनभर घरी बसवलं.

माझी सवत, म्हणजे बुद्धिबळ, अशी चारचौघांत कधी आडवी आली नाही, पण एकदा तिनं घाम फोडला. माझा एक डाव जबलपूरच्या एका गृहस्थाबरोबर दीड वर्ष चालला होता. एक चाल तिकडून कार्डावर यायची, एक माझी जायची. कार्डावर नुसते आकडे. शनिवारी मी घोड्याची चाल लिहून कार्ड पेटीत टाकलं आणि तेव्हापासून मला चैन पडेना. काहीतरी चुकलं होतं, काय ते कळेना.

रविवारी मॉडेल म्हणून नेमके आमच्या भागातले पोस्टमन जांभुळकर. मी त्यांचा कान काढतोय आणि डोक्यात घोडा. पुसतोय, काढतोय, पुन्हा पुसतोय. कागदाला भोक पडायची वेळ आली.

जांभुळकर नजर समोर ठेवून हळूच म्हणाले, "साहेब, तो घोडा मांगं घ्या."

मला वाटलं, भास झाला.

"वजीर उघडा पडून राहिला तुमचा. कालचं कार्ड म्याच काढलं पेटीतून. तुमचा डाव माझ्या घरी मांडून हाय, पहिल्यापासून."

दीड वर्ष हा माणूस आमची कार्डं वाचून घरी पट मांडत होता. मी पेन्सिल खाली ठेवली. "जांभुळकर, कार्ड कुठे आहे आता?"

"गेलं ना जी रात्रीच्या मेलनं. ड्युटी म्हणजे ड्युटी."

"मग?"

"मंग वजीर गेला," ते म्हणाले, आणि पुन्हा ताठ बसले.

शालिनीताईंचं सगळं वेगळंच. त्यांच्या लग्नाची घरी काळजी लागलेली. रोज एक्स्चेंज, संध्याकाळी बॅडमिंटन, रविवारी आमच्यात. मुलीला स्थळासाठी वेळ नाही, म्हणून आई रडकुंडीला आलेली. शेवटी एक इंजिनीअर मुलगा बघायला येणार असं ठरलं, तोही रविवारीच सकाळी. शालिनीताईंनी आईला सांगितलं, "येऊ दे. पण मी त्यांचं स्केच काढीन."

पाहुणे आले. पोहे झाले. शालिनीताई बोर्ड घेऊन समोर बसल्या. मुलगा आधी हसला, मग रुमाल काढला. पाऊण तास त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि तो घाम पुसत होता. दोन्ही आया दाराआडून बघत होत्या, कोणाची जास्त धडधड होत होती सांगता येत नाही.

चित्र झालं. मुलाच्या आईनं पाहिलं आणि म्हणाली, "इतका घाबरलेला तर हा परीक्षेलाही नव्हता." मुलानं चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हनुवटी जरा मोठी करून देता येईल का?"

शालिनीताईंनी स्थळाला नकार दिला. आम्ही कारण विचारलं तर म्हणाल्या, "मी त्याला पाऊण तास नीट पाहून घेतलं. कुठल्या मुलीला एवढा वेळ मिळतो? आणि एवढं करून त्याला चित्रात दुसराच माणूस हवा होता."

पुढे दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. स्केच काढलं होतं का, ते आम्ही विचारलं नाही.

आता नामदेवचं सांगतो.

पारशिवनीत त्याचं छोटं सलून होतं. चाळिशीचा असेल. बायकोला घेऊन तो माडी चढून आला तेव्हा उजव्या गालावर मोठी सूज होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जबडा अर्धा काढावा लागेल. ऑपरेशन मंगळवारी.

"मी दिवसभर आरशासमोर उभा राहतो," तो म्हणाला. "नंतर गिऱ्हाइकाले कसा दिसीन कोन जाने. अगोदर कसा होतो, ते तरी आरशाजवळ लावून ठेवतो. सूज सोडून काढा."

सरांनी विचारलं, "फोटो काहून नाही काढला?"

"फोटोत सूज येते," बायको म्हणाली. "अन् सुजेच्या अगोदरचा फोटो नाही याचा. कधी गरजच नाही पडली."

आम्ही चौघांनीही काढलं. डावा गाल बघून उजवा रचायचा. मध्ये बायको उठून सांगायची, "इथं खळी पडे जी, हासल्यावर." त्यानं हसून दाखवायचा प्रयत्न केला आणि त्याला कळ आली. तिनं सरांचं चित्र निवडलं, पदराखाली धरून जिना उतरली.

नंतर त्यांची काही खबर आली नाही. पारशिवनीला किंवा दवाखान्यात जाऊन विचारायची आमची छाती झाली नाही.

वर्ष होऊन गेलं. एका रविवारी जिन्यात पावलं वाजली. नामदेव आणि बायको. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि दुपट्टा सोडला. उजवी बाजू आत गेलेली, ओठ खाली ओढलेला.

"आता हाय तसा काढा," तो म्हणाला. शब्द घरंगळत होते, तरी कळत होते.

सर म्हणाले, "पहिलं चित्र?"

"हाय ना. लोक त्याच्याकडे पाहते, मंग माह्याकडे पाहते, मंग जीभ टाळ्याले लावून च्च च्च करते. दिवसभर तेच. ते उतरवलं म्या. हे लावतो. एकडाव पाहून घेतील, मंग दाढी करतील."

आम्ही स्टुलं सरकवली, पेन्सिली हातात घेतल्या. दहा मिनिटं गेली. मग त्यानं आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोणी कोणाला न सांगता आम्ही चौघंही त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसलो होतो.

नामदेव उठला. खुर्ची उचलून फिरवली, उजवा गाल आमच्याकडे करून पुन्हा बसला. सर मान खाली घालून चष्मा पुसत होते, पुसतच होते.

"सर," तो म्हणाला, "चष्मा लावा. हुबेहूब पाहिजे."